गोगलगाय आणि पोटात काय?

मृगाचा पाऊस एकदा पडला की आपल्या वस्त्यांमध्ये एक पाहुणा न बोलावता येतो. चाळीच्या भिंतीवर, सार्वजनिक नळाच्या ओट्यावर, संडासाच्या वाटेवर, दारातल्या जुन्या डब्यात लावलेल्या अळूच्या पानावर तो चिकटून बसलेला असतो. तपकिरी पट्ट्यांचा शंख पाठीवर घेतलेली ही मोठी गोगलगाय ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कोणाला अनोळखी नाही. ती दिसली की मुले घरात धावतात आणि मिठाची बरणी घेऊन येतात. मीठ पडले की तिच्या अंगाला फेस येतो आणि मुले टाळ्या पिटतात. एखादी आजी ओरडते, "अरे, मुका जीव आहे तो, काठीने बाजूला सारा की!" पण रोज पंचशील म्हणणाऱ्या घरातसुद्धा त्या वेळी पहिले शील कोणाच्या ध्यानात राहत नाही.

"गोगलगाय अन् पोटात पाय" असे आपल्याकडे म्हणतात. वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून पक्क्या असणाऱ्या माणसाला ही म्हण लावतात. आज आम्ही वाचकांना सांगणार आहोत ते या म्हणीच्या थोडे पुढचे आहे. जगातले काही शास्त्रज्ञ गेली अनेक वर्षे गोगलगायीच्या पोटात पाय शोधत नाहीत, तर शिसे शोधतात, कॅडमियम शोधतात, जस्त आणि तांबे शोधतात. ज्या मातीवर ती सरपटते त्या मातीत किती विष आहे, आणि त्यातले किती विष जिवंत शरीरात शिरते, याची साक्ष ते तिच्याकडून घेतात. कारखान्यांच्या शेजारी आणि नाल्यांच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना ही साक्ष समजून घेणे फार गरजेचे आहे, असे आम्हाला वाटते.

गोगलगायच का?

माती तपासायची तर यंत्रे आहेत. प्रयोगशाळेत मातीचा नमुना दिला की त्यात शिसे किती, क्रोमियम किती, हा आकडा मिळतो. मग या मंद जिवाची काय गरज?

गरज अशी की यंत्र सांगते ते मातीत काय आहे एवढेच. ते विष मातीच्या कणाला घट्ट बांधलेले आहे, की सुटे होऊन अंगात शिरण्याजोगे आहे, हे नुसत्या एकूण आकड्यावरून कळत नाही. एकाच प्रमाणात शिसे असलेल्या दोन जमिनी असू शकतात. एकीतले शिसे तिथेच पडून राहील, तर दुसरीतले शिसे भाजीत, किड्यात आणि माणसात जाईल. हा फरक जिवंत शरीरच सांगू शकते.

गोगलगाय या कामाला फार सोयीची आहे. तिचे पोट म्हणजेच तिचा पाय. त्या ओल्या, मऊ पायावर ती मातीला अंग घासत चालते, त्यामुळे मातीतले द्रव्य तिच्या कातडीतून आत जाते. ती पाने खाते आणि माती पण खाते, कारण शंख बांधायला तिला कॅल्शियम म्हणजे चुना लागतो. जमिनीवरची गोगलगाय हवेत श्वास घेते आणि अंडी मातीत घालते. म्हणजे माती, झाडपाला आणि हवा या तिन्ही वाटांनी येणारे विष ती एकाच शरीरात गोळा करते. शिवाय ती फार लांब जात नाही. जिथे सापडली तिथलीच साक्ष देते.

मुलांना सांगण्यासारखी एक गंमत येथे नोंदवतो. आपले रक्त लाल, कारण त्यात लोह असते. गोगलगायीच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते, म्हणून तिच्या रक्तावर निळसर झाक असते. तांब्याची तिला गरज आहे, पण कॅडमियम हा तिचा शत्रू. मग शरीराने दोघांना ओळखायचे कसे? ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील शास्त्रज्ञ राइनहार्ड डालिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले की युरोपातील एका मोठ्या गोगलगायीच्या शरीरात यासाठी दोन वेगवेगळी प्रथिने असतात. एक तांबे सांभाळते, तर दुसरे कॅडमियमला पकडून बांधून ठेवते. हा बांधलेला कॅडमियम मुख्यतः तिच्या पोटातल्या पाचक ग्रंथीत साठत जातो. आपल्याकडे यकृत जे काम करते तसेच बरेचसे काम ही ग्रंथी करते. एखाद्या हिशेबनिसाने वहीत रोजची नोंद करावी तशी ती दिवसेंदिवस विषाची नोंद पोटात ठेवते.

अठ्ठावीस दिवसांचे वजन

फ्रान्समध्ये बेझाँसाँ नावाचे शहर आहे. तिथल्या फ्रांश-काँते विद्यापीठात आनेत द व्होफ्लरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोगलगायींवर वर्षानुवर्षे काम केले. माती तपासण्याची जी पद्धत त्यातून पुढे आली, तिला २००६ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आयएसओ १५९५२ हा तिचा क्रमांक. पद्धत समजायला मुळीच कठीण नाही.

गोगलगायीची पिल्ले घेतात, साधारण एक ग्रॅम वजनाची. एका डब्यात स्वच्छ माती, दुसऱ्या डब्यांत तपासायची माती, कमी-जास्त प्रमाणात मिसळून. ओल, उजेड आणि गारवा सगळ्यांना सारखा ठेवतात. अठ्ठावीस दिवस पिल्लांना खाऊ घालतात आणि ठरलेल्या दिवशी त्यांचे वजन करतात, शंखाची रुंदी मोजतात. स्वच्छ मातीतली पिल्ले भराभर वाढतात. विषारी मातीतल्या पिल्लांची वाढ मागे पडते. किती विषाला किती वाढ खुंटली, हे शेवटी आकड्यात मांडतात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. या चाचणीत मुख्य प्रश्न "किती मेल्या?" असा नाही, "किती वाढल्या?" असा आहे. कारण गोगलगाय चिवट जीव आहे. कॅडमियम पोटात बांधून ठेवून ती जगत राहते. बाहेरून बघणाऱ्याला ती धडधाकट दिसते. पण ती कमी खाते आणि तिची वाढ थांबते. विष माणसाला लगेच मारत नाही म्हणून ते विष नव्हे, असे समजणाऱ्यांना ही एक ग्रॅमची पिल्ले उत्तर देतात.

हे वजन करणे आपल्या भगिनींना नवीन नाही. वस्तीतल्या अंगणवाडीत ताई दर महिन्याला मुलांना काट्यावर बसवतात आणि तक्त्यावर ठिपका देतात. ठिपक्यांची रेघ वर चढली तर बरे, सपाट झाली तर काळजी. फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत जे चालते आणि आपल्या अंगणवाडीत जे चालते, त्यामागचा विचार एकच आहे. वाढणाऱ्या जिवाची वाढ थांबली, तर आजूबाजूला काहीतरी बिघडले आहे. फरक इतकाच की रेघ सपाट झाली की आपण आहार विचारतो, जंत विचारतो. मूल ज्या मातीत खेळते ती माती कशी आहे, हे कोणी विचारत नाही.

भट्टीच्या शेजारचे गाव

ही विद्या प्रयोगशाळेतच राहिली असती तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. ती कामगारांच्या गावापर्यंत गेली. फ्रान्सच्या उत्तरेला नोयेल-गोदो नावाचे गाव आहे. तिथे मेतालेरोप नॉर या नावाने ओळखला जाणारा शिसे आणि जस्त वितळवण्याचा कारखाना होता. २००३ साली तो बंद पडला आणि शेकडो कामगार रस्त्यावर आले. कारखाना गेला, धूर गेला, पण माती तिथेच राहिली. धुरांड्यातून अनेक दशके पडलेले शिसे आणि कॅडमियम आसपासच्या शेतांत, परसांत आणि झाडीत मुरले होते. त्या भागातल्या मुलांच्या रक्तातही शिसे जास्त आढळले होते.

बेझाँसाँच्या शास्त्रज्ञांनी या परिसरात गोगलगायींचा उपयोग केला. स्वच्छ जागी वाढवलेल्या गोगलगायी जाळीच्या पिंजऱ्यात घालून जागोजागी जमिनीवर ठेवायच्या आणि काही आठवड्यांनी त्यांच्या शरीरात किती धातू उतरला ते मोजायचे. कोणत्या जागेचे विष खरोखर जिवात शिरते आणि कोणत्या जागेचे मातीतच अडकून राहते, हे त्यातून वेगळे काढता येते. पिंजऱ्याच्या या पद्धतीलाही २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिचा क्रमांक आयएसओ २४०३२.

कारखाना बंद पडला तरी त्याचे विष मातीतून जात नाही, ही नोयेल-गोदोची शिकवण आहे. मोहोने-आंबिवलीची एनआरसी कंपनी २००९ साली बंद झाली, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कित्येक कारखान्यांची धुरांडी थंडावली, हे आपल्या डोळ्यांदेखत झाले. बंद कारखान्यांच्या जमिनींवर आता टॉवर उभे राहतात. कोणत्या कारखान्याच्या जमिनीत काय आहे याबद्दल आम्ही येथे काही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की अशा प्रत्येक जमिनीला आधी विचारले पाहिजे.

दिसते त्याची बातमी होते

आपल्या भागात प्रदूषण नवे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा डोंबिवलीला १०० पैकी ७८.४१ गुण मिळाले. परीक्षेत हे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. येथे मात्र ७० च्या वर गेलेला पट्टा अतिप्रदूषित ठरत होता. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत रसायन सोडले गेले आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दवाखाना गाठावा लागला. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात कारखान्यांत स्फोट झाले आणि कामगारांचे बळी गेले. उल्हास आणि वालधुनीचा प्रश्न 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि २०१५ साली लवादाने दंड ठोठावला.

या सगळ्याच्या बातम्या झाल्या, कारण पाऊस हिरवा होता, रस्ता गुलाबी होता आणि स्फोटाचा आवाज झाला. पण शिशाला रंग नाही, कॅडमियमला वास नाही. ते मातीत उतरते आणि गप्प बसते. त्याची बातमी होत नाही.

ते मातीत येते तरी कसे? वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अंबरनाथच्या डोंगरातून निघालेली ही नदी अंबरनाथ, उल्हासनगर करीत कल्याणला खाडीला मिळते. वाटेत कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी पोटात घेते. २६ जुलै २००५ च्या पुरात तिचे आणि उल्हासचे पाणी कल्याण परिसरातल्या घराघरांत शिरले. पाणी उतरल्यावर आपल्या आयाबहिणींनी चार-चार दिवस फावड्याने गाळ ओढला. नदीच्या तळाशी जे बसले होते ते त्या गाळाबरोबर उंबऱ्याच्या आत आले. ओढलेला गाळ शेवटी गेला कुठे? दारापुढच्या मोकळ्या जागेत, जिथे मुले गोट्या खेळतात.

दुसरी वाट कचऱ्याची. कल्याणच्या आधारवाडीला कित्येक वर्षे शहराचा कचरा पडत होता आणि वारंवार पेटत होता. २०२१ मध्ये तिथे नवा कचरा टाकणे थांबले, पण जुना ढीग एका दिवसात नाहीसा होत नाही. तिसरी वाट भंगाराची. गाडीची जुनी बॅटरी फोडून शिसे वितळवण्याचे काम पोटासाठी कोणी दारात करीत असेल, तर ते विष आधी त्याच्याच लेकरांच्या अंगात जाते. आणि चौथी वाट नाल्याच्या पाण्याची. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालक, माठ, मुळा पिकतो आणि संध्याकाळी स्वस्त जुडी म्हणून आपल्याच घरात येतो.

मातीला कोणी विचारले नाही

पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा. हवेचा कायदा १९८१ सालचा. मातीसाठी असा स्वतंत्र कायदा झाला नाही. शेतकऱ्यांसाठी २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका आली, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यात जे बारा गुण तपासतात ते पिकाच्या भुकेचे आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे. पीक चांगले येईल की नाही, हे त्यातून कळते. शिसे, कॅडमियम, पारा त्या बारांत नाहीत.

ठाण्याची खाडी तरी या बाबतीत थोडी नशीबवान म्हणायची. ठाण्याच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातील प्राणीशास्त्रज्ञांनी खाडीच्या चिखलातले किडे, शिंपले आणि शंखवर्गीय प्राणी वर्षानुवर्षे मोजले आणि प्रदूषणाने ते कसे बदलत गेले ते नोंदवले. चिखलातल्या जिवांना विचारून खाडीची प्रकृती सांगणारी ही परंपरा आपल्या घराजवळ आहे. तीच गोष्ट वस्तीतल्या मातीसाठी का होऊ नये? कॉलेजात प्राणीशास्त्र, रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रकल्पाचा विषय शोधताना हा प्रश्न आपल्या प्राध्यापकांपुढे जरूर मांडावा.

आपली गोगलगाय आणि काही गैरसमज

हे वाचून कोणी म्हणेल, "आमच्या अंगणात तर ढीगभर गोगलगायी आहेत, म्हणजे आमची माती शुद्धच!" तसे मुळीच नाही. वर सांगितलेच आहे की गोगलगाय विष पोटात घेऊन जगते. उलट आपल्याकडची ही मोठी गोगलगाय तर कचऱ्याच्या कडेलाच सुखात नांदते. ती मूळची आपली नाही. आफ्रिकेतली ही जात मॉरिशसहून १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने कलकत्त्याला आणली आणि चौरंगीच्या एका बागेत सोडली. तिथून ती देशभर पसरली. त्यामुळे ती दिसली म्हणून आनंद नको आणि दिसली नाही म्हणून भीती नको. नुसत्या डोळ्यांनी तिची साक्ष वाचता येत नाही. त्यासाठी वजन, मोजमाप, शेजारी ठेवलेली स्वच्छ माती आणि प्रयोगशाळा लागते.

युरोपातली चाचणी तिथल्या बागेतल्या लहान गोगलगायीवर बेतलेली आहे, थंड हवेत वाढणाऱ्या. आपल्या उष्ण, दमट हवेसाठी इथल्या जाती घेऊनच मोजमाप बसवावे लागेल. ते अशक्य नाही. नायजेरियात मोठ्या गोगलगायी लोक आवडीने खातात, म्हणून तिथल्या संशोधकांनी त्यांच्या मांसातले धातू मोजले आहेत.

दुसरी गोष्ट आयांनी नीट लक्षात ठेवावी. मुलांना मोठी गोगलगाय उघड्या हाताने धरू देऊ नका. उंदरांत वाढणारा एक कृमी तिच्या अंगात असू शकतो. तो तोंडावाटे माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा धोका असतो. हात लागलाच तर साबणाने स्वच्छ धुवा. पालेभाजीवर तिचा चिकट माग दिसला तर भाजी नीट धुऊन, शिजवूनच खा.

आणि ज्यांची शेती गावी आहे त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. पुन्हा-पुन्हा पेरणी करून शेतकरी मेटाकुटीला आले. तेव्हापासून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या गावोगाव पोचल्या. त्या गोळ्या कुत्र्यांना आणि लहान मुलांनाही घातक आहेत. त्या खाऊच्या डब्याशेजारी ठेवू नयेत, उघड्यावर टाकू नयेत. संध्याकाळी ओले गोणपाट पसरावे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात, हा बिनविषाचा उपाय आधी करावा.

घरात काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तात शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित, असे म्हणताच येत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढे अंगात शोषले जाते, त्याच्या चार-पाच पट लहान मूल शोषते. ते मुलाच्या मेंदूच्या वाढीवर घाव घालते. मूल आजारी दिसत नाही, पण अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला "लक्षच देत नाही" म्हणून धपाटे घालतो. बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने १९९९ साली मुंबईसह मोठ्या शहरांतील मुलांचे रक्त तपासले, तेव्हा बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर शिसे निघाले. पुढच्याच वर्षी, २००० साली, देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. तो एक मोठा विजय होता. पण मातीत बसलेले शिसे पेट्रोलबरोबर गेले नाही.

म्हणून घरात या गोष्टी पाळाव्यात. चपला उंबऱ्याबाहेर काढाव्यात. कोरडा झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. खेळून आलेल्या मुलाचे हात जेवणाआधी साबणाने धुवावेत, नखे बारीक ठेवावीत. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढावी. त्याने वरची माती आणि धूळ जाते. पानाच्या आत मुरलेला धातू मात्र धुऊन जात नाही, म्हणून नाल्याकाठची भाजी शक्यतो टाळावी. दारात भाजी लावायचीच तर गाळाच्या मातीत लावू नये, चांगली माती आणून डब्यात लावावी. बॅटरी फोडणे, तारा जाळणे घराजवळ होऊ देऊ नये. मुलांना नाचणी, तीळ, हरभरा, कडधान्ये, मोड आलेली मटकी द्यावी. ज्या मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याच्या अंगात शिसे जास्त शोषले जाते. कुपोषण आणि विष असे हातात हात घालून येतात, आणि दोन्ही गरिबाचेच दार ठोठावतात.

मंडळांनी काय करावे?

पण चपला बाहेर काढून सगळे विष बाहेर राहत नाही. जे काम शासनाचे आहे ते शासनाकडूनच करून घेतले पाहिजे. केंद्र सरकारने २०२५ च्या जुलैमध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने आपल्या जिल्ह्यातील संशयित दूषित जागांचा सहामाही अहवाल द्यायचा आहे. अशा जागेची प्राथमिक तपासणी ९० दिवसांत व्हायची आहे. विष ठरलेल्या मर्यादेच्या वर निघाले तर ती जागा जाहीर करून तिथला वावर रोखायचा आहे. मातीला विचारण्याची वाट आता कागदावर तरी उघडली आहे. कागदावरची वाट पायाखाली आणायची तर अर्ज करावा लागतो.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक वस्तीतील महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने एका रविवारी एकत्र बसावे. ज्येष्ठांना विचारून वस्तीचा साधा नकाशा काढावा. पूर्वी कारखाना कुठे होता, पुराचा गाळ कुठे टाकला, भंगार कुठे वितळवत, कचरा कुठे जळत असे आणि आज मुले कुठे खेळतात, याच्या खुणा कराव्यात. दोन खुणा जिथे एकमेकींवर पडतील, त्या जागेची माती तपासा असा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारावे. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यात एकाच गल्लीतली बरीच मुले मागे पडलेली दिसली, तर तीही माहिती अर्जाला जोडावी आणि मुलांचे रक्त तपासण्याची मागणी करावी.

पाऊस येईल, तसा तो न बोलावलेला पाहुणाही भिंतीवर येईल. त्या वेळी मुलांच्या हातातली मिठाची बरणी काढून घ्या आणि त्यांना जवळ बसवून सांगा की परदेशात या गोगलगायीच्या बहिणी काट्यावर बसून मातीची खरी हकिगत सांगतात. मूल विचारील, "मग आपल्या मातीची हकिगत काय आहे?"

त्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्यापैकी कोणाकडेच नाही. ते मागायला मात्र आपण सगळे जाऊ शकतो.